मुलांच्या स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये येताय? नुसती ‘विश्रांती’ लिहून देऊ नका

मला भेटायला येणारे बहुतेक ज्युनिअर आधी कोर्सचं विचारतात, म्हणून ते पटकन सांगून टाकते. लहान खेळाडूंसाठी वेगळी पदवी आपल्याकडे नाही. एमबीबीएसनंतर नीट पीजी या प्रवेशपरीक्षेतून एमडी स्पोर्ट्स मेडिसिन हा सरळ रस्ता, पण जागा मोजक्याच. आपल्याला नाशिकहून सगळ्यात जवळचं म्हणजे पुण्याचं एएफएमसी, लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय. नाहीतर आधी पेडियाट्रिक्स (बालरोग) किंवा ऑर्थो (हाडांचं) करायचं आणि पुढे फेलोशिप. मी पेडियाट्रिक्सकडून आले. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे म्हणून नाशिकमध्ये बसूनच सगळं जमेल, अशी आशा धरू नका. बाहेर जावंच लागतं. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सवर तर माझा मुळीच विश्वास नाही. त्यापेक्षा एखाद्या मुरलेल्या फिजिओबरोबर सहा महिने मैदानावर काढा. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर सकाळी धावणारी मुलं नुसती बघत राहिलात, तरी डोळा तयार होतो.

आता मुख्य गोष्ट, कारण यात मी स्वतः बराच काळ अडकले होते. तेरा-चौदा वर्षांचा फास्ट बोलर येतो. कंबर एका बाजूला दुखते, मागे वाकलं की जास्त. मणक्याच्या पार्सला, म्हणजे मागच्या बाजूच्या अरुंद हाडाला, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली चीर) असू शकतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, म्हणून एमआरआय करायचा. इथपर्यंत पुस्तकात आहे. पुढे आपण लिहितो, ‘सहा आठवडे विश्रांती’. घरी त्याचा अर्थ होतो की मॅच बंद, नेट चालू. किंवा मुलगा खरोखर सहा आठवडे झोपून राहतो आणि सातव्या आठवड्यात थेट टूर्नामेंटमध्ये पूर्ण स्पेल टाकतो. हाड पूर्ण सावरलेलं नसतं, पोटाचे-पाठीचे स्नायू ढिले पडलेले असतात, आणि दुखणं परत येतं. वडील रागावतात, कोच दुसरा डॉक्टर शोधतो आणि पोरगं पुढच्या वेळी दुखणं लपवायला शिकतं. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

म्हणून काय बंद आहे याच्याइतकंच काय चालू आहे, तेही लिहून द्या. आधी रोजच्या हालचाली न दुखता जमायला हव्यात. मग ताकदीचे व्यायाम, मग धावणं, मग अर्ध्या रनअपने मोजून चेंडू. पुढच्या आठवड्यात किती वाढवायचे ते तारखेसह, आणि दुखलं तर कोणत्या पायरीवर परत यायचं तेही. एक प्रत कोचला. त्याआधी मुलाचा अख्खा आठवडा कागदावर मांडा. शाळेची टीम, अकॅडमी, सोसायटीतलं क्रिकेट. तिन्हीकडचे ओव्हर कोणीच एकत्र मोजत नाही. अंदाजासाठी एक सोपा नियम वापरा. मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला तितक्या तासांपेक्षा जास्त सराव-सामने नकोत, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी.

घाबरू नका, बरीचशी दुखणी साधी असतात. गुडघ्याखालचं टेंगूळ म्हणजे ऑस्गुड-श्लॅटर, टाच दुखते ते सेव्हर्स. ही वाढीच्या वयातली दुखणी आहेत. भार कमी केला आणि धीर दिला की बहुतेक मुलं खेळत राहतात.

पण गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलेल्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. खुब्याच्या हाडाचं टोक ग्रोथ प्लेटवरून (जिथून हाड वाढतं त्या मऊ थरावरून) सरकलेलं असेल, तर दुखणं अनेकदा गुडघ्यातच जाणवतं. अशा मुलाला पायावर भार देऊ द्यायचा नाही, त्याच दिवशी ऑर्थोकडे पाठवायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणंही ‘वाढीचं आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

मुलींबद्दल जरा जास्त सांगते. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या आशियाई स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळवलं. आज हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या मुली धावायला उतरतात तेव्हा हे नाव त्यांच्यासमोर असतं. नडगी दुखते म्हणून अशी मुलगी आली, की सोबत आलेल्या सरांना आणि वडिलांना आधी बाहेर बसवा. आई किंवा नर्स थांबू दे. मग पाळीचं विचारा, आणि सकाळी धावायच्या आधी काय खाल्लं तेही. ‘काही नाही, नुसता चहा’ हे उत्तर मी सतत ऐकते. जास्त धावलं की पाळी जातेच, हा समज चुकीचा आहे. खरं कारण हे, की शरीर खर्च करतं त्या मानाने पोटात कमी जातं. त्यानेच हाडंही कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या तुटीला रेड-एस हे नाव दिलं. तिला शेंगदाणे-गूळ, भाकरी, दूध, अंडी हॉस्टेलवर खरंच मिळतील का, ते वॉर्डनशी बोलून ठरवा. गोळ्यांची चिठ्ठी त्यानंतर.

पैशांचं स्पष्ट सांगते: सुरुवातीला फक्त खेळाडूंवर दवाखाना चालत नाही. सकाळची साधी बालरोग ओपीडी आणि लसीकरण सोडू नका, खेळाडूंसाठी संध्याकाळ ठेवा. हळूहळू कोचच एकमेकांना नाव सांगतात. मात्र शालेय स्पर्धा सुरू झाल्या की आदल्या संध्याकाळी फिट सर्टिफिकेटसाठी रांग लागते. न तपासता सही करू नका. आणि ‘उद्या खेळायचं नाही’ हा निरोप मुलाच्या हाती पाठवू नका, कोचला स्वतः फोन करा.