लिनक्सवर दोन डिस्कची रेड-१ अ‍ॅरे: टर्मिनलवरून, पायरीपायरीने

लिनक्समध्ये रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारखी वापरायची डिस्क अ‍ॅरे, उभी करायला एक ओळ पुरते. कष्ट आहेत ते त्या ओळीच्या आधी आणि नंतर: आधी योग्य डिस्क ओळखण्यात, नंतर मशीन रीस्टार्ट झाल्यावरही अ‍ॅरे जागेवर राहील आणि डिस्क गेली तर आपल्याला कळेल, याची सोय करण्यात. म्हणून या लेखात त्या ओळीपेक्षा तिच्या मागच्यापुढच्या कामांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी डेबियन किंवा उबुंटू चालणारं एक मशीन आणि ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घेऊ. सिस्टीम तिसऱ्या, वेगळ्या डिस्कवर आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एमडीएडीएम' (लिनक्समध्ये अ‍ॅरे बनवणारी आणि सांभाळणारी आज्ञा) म्हणजे ती पाच अक्षरं, आणि 'क्रिएट'सारखा शब्द असेल तर त्याचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग.

आधी प्रकार ठरवा. रेडची कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका शोधनिबंधात मांडली. रेड-० वेग देतं, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच डेटा असतो, त्यामुळे दोन मिळून ४ टीबीच वापरता येतात. रेड-५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढी जागा जाते; रेड-६ ला किमान चार, जागा दोन डिस्कची, पण दोन डिस्क एकदम गेल्या तरी निभावतं. घरी किंवा छोट्या ऑफिसात माझं मत सरळ रेड-१ ला. वेळ आली तर त्यातली एकटी डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावूनही डेटा वाचता येतो.

आणि हो, यातलं काहीही बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

आता डिस्क ओळखा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल

४ टीबीची डिस्क इथे ३.६ टी दिसेल. घाबरू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, लिनक्स १०२४ च्या. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावं मात्र कायमची नसतात, केबल इकडची तिकडे झाली की बदलू शकतात. डिस्कचा सिरियल नंबर बदलत नाही. तो एका चिठ्ठीवर ठळक लिहून डिस्कच्या बाहेरून दिसणाऱ्या कडेला चिकटवा. एखादी डिस्क बंद पडल्यावर दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्कपैकी चालू असलेलीच उपसली जाते, तेव्हा ही दोन मिनिटांची चिठ्ठी नसते.

पुढच्या दोन ओळींतली पहिली डिस्कवरच्या जुन्या खुणा पुसते, दुसरी तिच्यावर एक विभाग (पार्टिशन) आखते. एंटर दाबण्याआधी नाव परत वाचा:

सुडो वाइपएफएस -ए /डेव्ह/एसडीबी
सुडो पार्टेड -एस /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी एमकेपार्ट प्रायमरी १एमआयबी ९९% सेट १ रेड ऑन

यातली 'एमआयबी'मधली पहिली एम आणि बी मोठी लिहा. एसडीसीवरही हेच करा. पूर्ण १००% न घेता थोडी जागा मोकळी का? कारण उद्या बदली म्हणून आणलेली दुसऱ्या कंपनीची 'तेवढीच' डिस्क काही एमबींनी लहान निघाली, तर एमडीएडीएम ती घेत नाही.

आता ती मुख्य ओळ:

सुडो एपीटी इन्स्टॉल एमडीएडीएम
सुडो एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी० --लेव्हल=१ --रेड-डिव्हायसेस=२ /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीसी१

या अ‍ॅरेवरून बूट करता येणार नाही, अशा अर्थाची सूचना येईल. आपण फक्त डेटा ठेवणार असल्याने वाय दाबा. मग बघा:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

चौकटी कंसात दोन 'यू' दिसले की दोन्ही डिस्क हजर. एका यूच्या जागी आडवी रेघ दिसली तर ती डिस्क अ‍ॅरेत नाही. खाली सिंक, म्हणजे दोन्ही डिस्क सारख्या करणं, किती टक्के झालं ते सरकत असतं. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला सात तासांहून जास्त लागतात, पण तोवर थांबायची गरज नाही. अ‍ॅरे लगेच वापरता येते:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ /डेव्ह/एमडी०
सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डेटा

इथेच बरेच जण थांबतात, आणि पुढच्या बूटला अ‍ॅरे 'एमडी१२७' नावाने उगवते. ते टाळायला तिची नोंद करा:

सुडो एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन | सुडो टी -ए /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे ठरवणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये एमडी० असं नाव न लिहिता 'बीएलकेआयडी' या आज्ञेने दाखवलेली यूयूआयडी, म्हणजे कायमची ओळख, टाका. पर्यायांत 'नोफेल' हवंच, नाहीतर अ‍ॅरे रुसली की मशीन बूट होतानाच अडकून बसेल. मग 'सुडो माउंट -ए' करून एकदा रीस्टार्ट करून बघा.

वीज अचानक गेली तर? शंभर जीबीपेक्षा मोठ्या अ‍ॅरेत एमडीएडीएम सहसा बिटमॅप ठेवतो, म्हणजे कुठल्या भागात लिहिणं चालू होतं त्याची नोंद. वीज आल्यावर तेवढेच भाग तपासले जातात, सात तासांचं सिंक पुन्हा होत नाही. यूपीएस तरीही हवाच.

डेटा भरण्याआधी, पहिलं सिंक संपल्यावर, एक रंगीत तालीम करा. एक डिस्क मुद्दाम 'मेली' असं जाहीर करा, काढा, पुसा आणि परत घाला:

सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --फेल /डेव्ह/एसडीसी१
सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिमूव्ह /डेव्ह/एसडीसी१
सुडो एमडीएडीएम --झिरो-सुपरब्लॉक /डेव्ह/एसडीसी१
सुडो एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीसी१

तिसरी ओळ गाळली तर बिटमॅपमुळे डिस्क काही सेकंदांत परत सामील होते आणि खऱ्या रिबिल्डला, म्हणजे सगळा डेटा नव्याने उतरवायला, किती वेळ लागतो ते कळतच नाही.

डिस्क खरंच गेली की कळायला हवं. कॉन्फ फाइलमधल्या मेलअ‍ॅडर या ओळीत तुमचा ईमेल पत्ता लिहा. मशीनवरून मेल बाहेर जातो का, हे असं तपासा:

सुडो एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट

मेल आला नाही तर आधी मेलची व्यवस्था नीट करा. रेड-१ ची एक डिस्क गेली तरी वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही, आणि दुसरी जाईपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही.

महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचून ताडून बघणंही गरजेचं. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. त्या दिवशी मशीन जरा सुस्त वाटलं तर एमडीस्टॅट उघडा. तिथे 'चेक' लिहिलेलं दिसेल.