रक्तस्रावी तापांची इम्युनॉलॉजी: आधी दिवस विचारा

या विषयात नव्याने आलेल्या बहुतेकांच्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये एक वाक्य हमखास असतं: सायटोकाइन स्टॉर्ममुळे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांच्या वादळामुळे, रुग्ण दगावतो. मलाही ते वाक्य सोडवत नव्हतं, कारण ते अर्धं खरं आहे.

इबोलाचंच घ्या. विषाणू सुरुवातीलाच मॅक्रोफेज आणि डेंड्रिटिक या प्रतिकाराच्या पहिल्या फळीतल्या पेशींत शिरतो. त्याचं व्हीपी३५ प्रथिन दुपदरी आरएनए, म्हणजे विषाणू आल्याची खूण, झाकून ठेवतं, म्हणून इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) बनवायचा इशाराच दबतो. व्हीपी२४ हे इंटरफेरॉनचा संदेश पोचवणाऱ्या स्टॅट१ला केंद्रकात जाऊ देत नाही, म्हणून बनलेलं इंटरफेरॉनही फारसं कामाला येत नाही. वादळ उठतं ते विषाणू बेसुमार वाढल्यावर. मग मॅक्रोफेजमधून टीएनएफ, आयएल-६ ही सायटोकाइन्स बाहेर पडतात, टिश्यू फॅक्टर या रक्त गोठवायला सुरुवात करणाऱ्या प्रथिनामुळे रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि लिम्फोसाइट्स (टी, बी वगैरे प्रतिकार पेशी) मरू लागतात. त्यांना तर विषाणूची लागणही झालेली नसते! मग प्रतिकार जास्त झाला की कमी पडला? दोन्ही, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

म्हणून कुठलाही आलेख समोर आला की विचारा: नमुना आजाराच्या कितव्या दिवसाचा? रुग्ण वाचला का? तेव्हा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) किती होता? हे माहीत नसेल तर त्या आलेखावरून काहीही सिद्ध करता येतं, आणि लोक करतातही. हे प्रश्न विचारल्यावर वैतागणारा गाइड निवडू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

एका तापाचं गणित दुसऱ्याला लावू नका. डेंग्यूत दुसऱ्या सीरोटाइपची (विषाणूच्या वेगळ्या प्रकाराची) लागण झाली, की जुन्या अँटिबॉडीच विषाणूला एफसी रिसेप्टर या अँटिबॉडी पकडणाऱ्या रेणूमार्गे पेशीत नेऊ शकतात, आणि रक्तवाहिन्यांतून प्लाझ्माची गळती ताप उतरताना, विषाणू कमी होत असताना दिसते. लासा तापात विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडी फार उशिरा येतात. तिथे भिस्त टी पेशींवर.

रिव्ह्यू वाचा, पण मूळ पेपरातलं मेथड्स गाळू नका. रुग्णातून मिळालेला इबोला साध्या प्रौढ उंदराला सहसा मारत नाही. म्हणून उंदरांत रुळवलेला विषाणू तरी वापरतात, नाहीतर इंटरफेरॉन रिसेप्टर नसलेला उंदीर. त्या दुसऱ्या उंदरावरून इंटरफेरॉनबद्दल निष्कर्ष काढणारे भेटतील, सावध राहा.

बीएसएल-४ (सर्वात कडक जैवसुरक्षेची) लॅब मिळाली नाही म्हणून खचू नका. स्यूडोव्हायरस (इबोलाचं बाह्य प्रथिन लावलेला निरुपद्रवी विषाणू) आणि मिनीजीनोमवर (विषाणूच्या जीनोमची छोटी, लागण न करणारी नक्कल) साध्या बीएसएल-२ लॅबमध्ये भरपूर काम होतं. व्हीपी३५ इंटरफेरॉन कसं दाबतं, हे तर नुसतं ते प्रथिन पेशीत घालूनही तपासता येतं.