मौनानंतरचा षड्ज

आधी मौनात बसून मग सुचेल ते गायचे, तर मिरजेत घडवलेला, जवारी (तारांचा गुंजणारा नाद) नीट काढलेला तंबोरा हाताशी असेल तर उत्तम. नसल्यास मोबाइलवरचा तंबोराही चालतो. तारा आधीच लावून घ्याव्यात, कारण मध्येच खुंट्या पिळत बसल्यास मौन मोडते. मग वाद्य आडवे ठेवून दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे आणि श्वासाचे येणे-जाणे केवळ पाहावे. त्यानंतर पंचम (प), जोडीच्या दोन तारा (सा) आणि खर्ज (खालचा सा) सावकाश छेडत काहीही न गाता ऐकावे. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सरकवलेला सुती धागा नेमक्या जागी बसला असेल, तर खर्जाच्या नादातून गंधार (ग) स्पष्ट उमटतो, आणि तो ऐकू आल्यावरच गळ्यातून षड्ज (सा) लावावा. राग ठरवून बसू नये. सुचलेली स्वरावली लगेच ध्वनिमुद्रित करण्याचा मोह, माझ्या मते, आवरावा; दुसऱ्या दिवशी आठवली तरच ती वहीत उतरवावी.