जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? बॉडी निवडण्याआधी करायच्या गोष्टी

कॅमेरा घ्यायचा आहे, बजेट एकच आहे आणि त्यात दोन गोष्टी बसतात. एकीकडे कुणीतरी वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी, सोबत किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स) आणि वर एखादी जास्तीची लेन्स. दुसरीकडे नवा कोरा मिररलेस (आरसा नसलेला), कॅनन आर५० किंवा निकॉन झेड३० यांच्यासारखा, पण फक्त किट लेन्ससह. यातला कोणता घ्यावा?

सुरुवातीलाच एक तुलना बाजूला ठेवा: मेगापिक्सेल. डी३५०० चोवीस मेगापिक्सेलचा आहे, आर५०सुद्धा चोवीसचाच. दोघांचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) एकाच, एपीएस-सी आकाराचा. भरपूर उजेडात, स्थिर वस्तूचा, एकाच प्रतीच्या लेन्सने काढलेला फोटो पाहून कोणता कशाने काढला हे सांगणं कठीण. फरक पडतो तो फोकस कसा होतो, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) काय दिसतं आणि पुढे कोणत्या लेन्स मिळतील, यात.

पायरी १ : तुम्ही नेमकं काय टिपता ते मोजा

फोन उघडा आणि मागचे शंभर फोटो-व्हिडिओ बघा. त्यातल्या किती फ्रेममधला विषय हलता आहे (मूल, कुत्रा, पक्षी, खेळाडू), किती व्हिडिओ आहेत आणि किती ठिकाणी विषय जागचा हललेला नाही (निसर्ग, इमारती, पदार्थ, शांत बसलेली माणसं), हे कागदावर मांडा. मनात काय आहे ते लिहू नका. मनात प्रत्येकाच्या वाघ असतो, फोनमध्ये मांजर.

हलणारे विषय आणि व्हिडिओ मिळून एक तृतीयांशाच्या वर गेले, तर पारडं मिररलेसकडे झुकतं. कारण असं: डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसचं काम आरशाखाली बसवलेला वेगळा सेन्सर करतो. डी३५००मध्ये त्याचे ११ बिंदू आहेत, १५००डीमध्ये ९, आणि ते फ्रेमच्या मधल्या भागात दाटीवाटीने बसलेत. दोन्हींत फक्त मधला बिंदू क्रॉस प्रकारचा, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा. चेहरा फ्रेमच्या कडेला असेल तर मधल्या बिंदूने फोकस करायचं, बटण अर्धं दाबून धरायचं आणि कॅमेरा वळवायचा. ५० मिमी लेन्स, एफ/१.८ (एफनंतरचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि दीड मीटर अंतर घेतलं तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. कॅमेरा वळवेपर्यंत मूल तेवढं पुढे झुकलेलं असतं, आणि डोळ्यांऐवजी कान शार्प येतो. मिररलेसमध्ये फोकसचं काम मुख्य सेन्सरच करतो. आजचे मॉडेल जवळपास पूर्ण फ्रेमभर डोळा शोधतात आणि त्याच्या मागे राहतात.

व्हिडिओचंही तसंच. आरसा वर गेला की बहुतेक जुन्या एंट्री-लेव्हल डीएसएलआरचा ऑटोफोकस मागे-पुढे चाचपडत बसतो. अपवाद आहेत: कॅननचा २००डी (२०१७) ड्युअल पिक्सेल सेन्सरचा (मुख्य सेन्सरच फोकसही करतो असा) आहे, त्याचा लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून काढतानाचा) फोकस सुरळीत चालतो. मायक्रोफोनचं सॉकेट मात्र मॉडेल नवं म्हणून असेलच असं धरू नका. डी३३००ला (२०१४) ते आहे, त्यानंतरच्या डी३४०० आणि डी३५००ला नाही. १५००डीलाही नाही, २००डीला आहे.

पायरी २ : आधी लेन्सचा हिशेब, मग बॉडीचा

पुढच्या दोन वर्षांत लागतील अशा दोन लेन्स लिहा. बहुतेकांसाठी एक मोठ्या छिद्राची प्राइम (झूम न होणारी) आणि एक टेली झूम (लांबचं जवळ आणणारी). आता दोन्ही माउंटमध्ये (बॉडीला लेन्स बसते ती जोडणी) त्यांची नवी आणि वापरलेली किंमत काढा, बॉडीत मिळवा आणि एकूण बेरजेचीच तुलना करा. इथे डीएसएलआर बहुधा बाजी मारतो. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स (२००९) आणि कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम (२०१५) या लेन्स वापरलेल्या मालात सहज सापडतात.

निकॉनवाल्यांनी एक खोच लक्षात ठेवावी. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच आहे) लिहिलेलं हवं. जुनी एएफ-डी (आत मोटर नसलेली) लेन्स लागेल खरी, पण फोकस हाताने फिरवावा लागेल. त्यातही एएफ-पी लेन्स डी३१०० आणि डी३२००वर चालत नाहीत, तिथे एएफ-एसच घ्या. कॅननला हा व्याप नाही, ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते.

डीएसएलआरच्या लेन्स उद्या वाया जातील ही भीती अर्धीच खरी. निकॉनच्या डीएसएलआरच्या एफ माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी, तर मिररलेसच्या झेड माउंटचं १६. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफचं ४४, मिररलेसच्या आरएफचं २०. आरसा गेल्याने मोकळ्या झालेल्या या जागेत अडॅप्टर (मधला जोड) बसतो, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर ऑटोफोकससह चालू शकते. उलटा प्रवास होत नाही. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही फोकसची मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फोकस होणार.

मिररलेसमध्ये माउंटची निवड आणखी जपून करा. सोनीच्या ई माउंटसाठी इतर कंपन्यांच्या लेन्स भरपूर आहेत. कॅनन आरएफच्या एपीएस-सी बॉडींसाठी सिग्मा आणि टॅमरॉनने ऑटोफोकस लेन्स जाहीर केल्या त्या २०२४मध्ये. आणि मिररलेस म्हणजे भविष्य असं सरसकट नसतं. निकॉन १ मालिका २०१८मध्ये बंद झाली, कॅननची ईएफ-एम (ईओएस एम कॅमेऱ्यांची) २०२३मध्ये. ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर लावताच येत नाहीत. स्वस्तात ईओएस एम मालिकेतला कॅमेरा दिसला तर हे आठवा.

पायरी ३ : डोळा लावून बघा

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून आलेला खरा प्रकाश दिसतो. त्याला विलंब नाही आणि बॅटरीही जवळपास लागत नाही. डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १,५५० फोटो काढतो. सोनी ए६४०० व्ह्यूफाइंडर वापरून ३६०. मिररलेस घेणार असाल तर दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

पण त्या आरशात फोटो किती काळा किंवा पांढरा येणार हे दिसत नाही. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बटण दाबण्याआधीच ते दाखवतो. एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) शिकणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची. मात्र झेड३० आणि सोनीच्या झेडव्ही-ई१० या मॉडेलना व्ह्यूफाइंडरच नाही. भर उन्हात नुसत्या स्क्रीनवर काम करणं त्रासाचं होतं, आणि वाचायला चष्मा लागत असेल तर अधिकच.

पायरी ४ : वापरलेला डीएसएलआर तपासा

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास मागून घ्या. स्वतःचं मेमरी कार्ड, टॉर्च आणि वर्तमानपत्र न्या.

शटर किती वेळा उघडलं ते बघा. निकॉनमध्ये ताज्या जेपीईजीच्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत साठणाऱ्या नोंदीत) हा आकडा असतो. कॅननच्या एंट्री-लेव्हल बॉडीत तो फोटोत लिहिला जात नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. निकॉनच्या या वर्गातलं शटर साधारण एक लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. वीस-तीस हजारांवर काळजी नको. ऐंशी हजारांवर किंमत चांगलीच खाली यायला हवी.

मग १/४००० सेकंदावर पांढऱ्या भिंतीचे पाच-सहा फोटो घ्या. एका कडेला काळसर पट्टा आला तर शटरचे पडदे नीट धावत नाहीत. असा कॅमेरा सोडून द्या.

सेन्सरसाठी एफ/२२, आयएसओ १०० ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढरी भिंत टिपा. दिसणारे धूसर ठिपके ही धूळ असते. मेनूतून आरसा वर करून रबरी ब्लोअरने ती बहुधा जाते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण चिकटतो. न हलणारी बारीक रेघ म्हणजे ओरखडा, तो दुरुस्त होत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कचरा फोटोत येत नाही, त्यावरून कॅमेरा नाकारू नका. किंमत कमी करून घ्यायला मात्र तो कामी येतो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी फोकसची, आणि तीच लोक विसरतात. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा साधारण ४५ अंशांच्या कोनात स्टँडवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर टेकवा. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मधल्या बिंदूने एका ठळक मथळ्यावर फोकस करा आणि फोटो घ्या. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून असे पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा, नंतर पाच लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूत मथळा शार्प, पण व्ह्यूफाइंडरच्या पाचही फोटोंत अलीकडची किंवा पलीकडची ओळ शार्प असेल, तर फोकसचा सेन्सर आणि मुख्य सेन्सर यांचा मेळ बिघडला आहे. महागड्या बॉडीत तो मेनूतून जुळवता येतो. डी३५०० किंवा १५००डीमध्ये ती सोय नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. किट लेन्सवर हा दोष लपतो, म्हणून एफ/१.८ लेन्स मिळाली तर तिनेच चाचणी करा. मिररलेसमध्ये हा प्रश्न मुळात उद्भवत नाही.

लेन्समधून टॉर्चचा प्रकाश तिरका टाका. जाळ्यासारखे बारीक तंतू म्हणजे बुरशी, ती लेन्स घेऊ नका. धुळीचे चार कण चालतील.

पायरी ५ : निर्णय

स्थिर विषय, तंग बजेट आणि लेन्सची हौस असेल तर तपासून घेतलेला डीएसएलआर घ्या. वाचलेले पैसे थेट प्राइम लेन्समध्ये घाला, कारण किट लेन्स ते एफ/१.८ हा फरक बॉडी बदलण्यापेक्षा जास्त दिसतो. लहान मुलं, प्राणी, व्हिडिओ असेल तर मिररलेस, मग सुरुवातीला एकच लेन्स परवडली तरी चालेल. फक्त नवं म्हणून काहीही उचलू नका: कॅननच्या आर१००ची (२०२३) स्क्रीन वळत नाही, तिला स्पर्शही कळत नाही, आणि ४के व्हिडिओत फ्रेम बरीच कापली जाते. त्यापेक्षा जुना २००डी जास्त सोयीचा वाटू शकतो.

ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा. मिररलेस असेल तर त्यात एक वाढवा: एलईडी दिव्याखाली सायलेंट (पडदे न हलवणाऱ्या) शटरने दहा फोटो. आडवे पट्टे आले तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नाही, लुकलुकणारा दिवा आणि सेन्सरचं ओळीओळीने वाचन यांचा तो परिणाम आहे. सायलेंट बंद करा आणि शटरचा वेग १/५० किंवा १/१००वर आणून पुन्हा बघा.