पिकअपमध्ये टेप आणि अँप्लिफायर बसवताय? या चुका टाळा

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी बीडमधल्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर उभं राहून बघा. तुळजापूरहून ज्योत आणायला निघालेल्या मंडळांच्या पिकअप ओळीनं लागलेल्या असतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: "काका, तासाभरात बसवून द्या, पोरं रात्री निघायलेत." मी नाही म्हटलं की तेच पोरगं मोबाइलवर व्हिडिओ बघत स्वतः बसवतं. दसऱ्यानंतर जळक्या वायरचा वास घेऊन माझ्याच दारात येतं.

अँप्लिफायरला करंट जास्त लागतो, म्हणून बॅटरीवरून थेट वायर ओढायची, इथपर्यंत बरोबर आहे. पण ती वायर इंजिनाकडून केबिनमध्ये येते पत्र्याच्या भोकातून. त्या भोकात ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग, नसेल तर पत्र्याची धार वायरवर करवतीसारखी चालते. डिझेल इंजिनाची थरथर आणि आपले रस्ते मिळून उरलेलं काम करतात.

एका वर्षी रात्री अडीचला फोन आला. "काका, चौसाळ्याजवळ थांबलोय. पायाखालून धूर यायलाय."

"गाडी बंद केली का?"

"केली. चाबी पण काढली. तरी यायलाय."

येणारच. थेट बॅटरीवरच्या वायरला चाबीशी काय देणंघेणं? म्हटलं, बॅटरीची वायर सोडव. तर पाना नाही! मागून कुणीतरी ओरडत होतं, "ज्योत खाली ठेवू नका रे!" शेवटी एका ट्रकवाल्यानं दहाचा पाना दिला. तोवर त्या एका वायरनं शेजारचं अर्धं हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा, वितळवलं होतं.

सकाळी जाऊन पाहिलं तर घरातल्या बोर्डाला वापरतात तसली बारीक वायर, भोकात ग्रोमेट नाही. पोरगं म्हणे, "फ्यूज होता की काका." होता, पण अँप्लिफायरवर. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या सगळ्या वायरला राखणदार कोण? वायर मध्येच पत्र्याला टेकली तर करंट पुढच्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही, तिथूनच बॉडीत उतरतो. ज्योत मात्र पोरांनी पळत पळत वेशीपर्यंत पेटती नेली. गाडी दोन दिवस माझ्याकडे होती.

तेव्हापासून मी बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज होल्डर लावतो आणि त्यात फ्यूज सगळ्यात शेवटी घालतो. जुन्या हार्नेसमधून काढलेल्या ग्रोमेटचा एक डबाच भरून ठेवलाय. आणि गिऱ्हाइकाला दहाचा पाना डॅशबोर्डात ठेवायला लावतो. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून आणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, चाबी परत देतो.

खोक्यावरच्या १००० वॅटला भुलू नका. अँप्लिफायरचा फ्यूज बघा. तो ३० अँपिअरचा असेल तर १२ व्होल्टला हिशोब होतो ३६० वॅट, आणि तेही आत खेचलेले. स्पीकरपर्यंत त्याहून कमीच पोचतात. वायरची जाडी मात्र फ्यूजच्या आकड्यावरून ठरवा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे अर्थची वायर, गाडीच्या बॉडीला जोडतात ती काळी. रेस वाढवली की स्पीकरमधून "कुंईऽऽ" असा आवाज चढत जातो. पोरं टेप बदलतात, स्पीकर बदलतात, एकानं तर अल्टरनेटर उघडायला काढला होता. बहुतेक वेळा काळी वायर डॅशबोर्डाच्या रंगवलेल्या स्क्रूखाली दाबलेली असते, किंवा टेपची अर्थ एकीकडे आणि अँप्लिफायरची भलतीकडे. मी पॉलिश पेपरनं रंग खरवडून पत्रा चकचकीत करतो, वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची कडी, मारतो, दोन्ही अर्थ एकाच बोल्टवर घेतो आणि वर थोडं ग्रीस लावतो, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. दहा मिनिटांचं काम. पण दहा मिनिटं कुणाकडे आहेत?

बाजारातल्या बहुतेक टेपला पिवळी वायर कायमच्या सप्लायची असते आणि लाल चाबीवरची. दोन्ही एकत्र पिळून बॅटरीवर टाकली की टेप चाबीला जुमानत नाही. बटणानं बंद करायचं विसरलात तर सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करा. उलटसुलट जोडली तर चाबी काढली की घड्याळ आणि लावलेली स्टेशनं पुसली जातात.

स्पीकरची मायनस बॉडीला देऊ नका. जुन्या टेपमध्ये ते चालायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं, त्यामुळे आतला आयसी, म्हणजे आवाजाची चिप, जातो.

दारात स्पीकरसाठी भोक पाडण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन बघा, ती स्पीकरला अडायला नको.

१२ व्होल्टचा टेप २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये घालताना दोनपैकी एकाच बॅटरीवरून सप्लाय घेण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती बॅटरी रोज अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही जातात. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्या.

ज्योतीची गाडी असेल तर पितृपक्षाच्या सुरुवातीलाच या. नवीन वस्तू नको म्हणून तेव्हा कुणी फिरकत नाही, मी दुकानात माशा मारत बसलेला असतो.