रेगेन्सबुर्गला निघण्याआधी

म्युनिक किंवा न्यूरेंबर्गला मुलाकडे, लेकीकडे आलेल्या आईबाबांना एका दिवसात जुनं जर्मन शहर दाखवायचं असेल, तर माझं मत रेगेन्सबुर्गला. डॅन्यूबच्या काठचं हे शहर २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धात इथल्या विमान कारखान्यावर बॉम्ब पडले, पण जुना गाभा बराचसा वाचला. त्यामुळे इथलं मध्ययुग बहुतांशी खरं आहे, युद्धानंतर नव्याने उभारलेलं नाही. फक्त तयारी थोडी वेगळी लागते, कारण इथलं बरंच काही बाहेरून दिसतच नाही.

पहिलं काम म्हणजे वेळा पक्क्या करणं. जुन्या टाउन हॉलमधलं राइशझाल हे सभागृह आणि थुर्न उंड टाक्सिस घराण्याचा राजवाडा, दोन्ही गाइडबरोबर ठरलेल्या वेळीच आतून पाहता येतात. पवित्र रोमन साम्राज्याची संसद १६६३ पासून १८०६ पर्यंत या राइशझालमध्ये जवळजवळ अखंड भरत होती आणि त्याच इमारतीच्या तळाशी कैद्यांना छळून कबुलीजबाब घेण्याची खोली आहे, मूळ अवजारांसकट. वर राज्यकारभार, खाली पिळवणूक. एकच जागा आतून पाहायला वेळ असेल तर मी हीच पाहीन. इंग्रजी फेऱ्या जर्मन फेऱ्यांपेक्षा कमी असतात, म्हणून आधी ही वेळ नक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. टाक्सिस घराण्याने साम्राज्याच्या टपालसेवेवर पैसा कमावला. राजवाडा भव्य आहे, पण वेळ कमी असेल तर सोडायला हरकत नाही.

वार निवडताना सोमवार टाळा, त्या दिवशी बरीच संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे पाणी, फळं, औषधं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. रविवारी सकाळी सांक्ट पेटर कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना हिंडून बघता येत नाही. पण गप्प बसून ऐकायची तयारी असेल तर तीच वेळ साधा. या कॅथेड्रलचं मुलांचं गायकवृंद आपली परंपरा थेट ९७५ सालापर्यंत नेतं आणि शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर बहुतेक रविवारी गातं. आत जाताना टोपी काढायची, खांदे झाकलेले असावेत, मोबाइलचा आवाज बंद. छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या. मध्ययुगीन रंगीत काचा इतक्या उंचावर आहेत की नुसत्या डोळ्यांनी त्यांतली माणसं ओळखू येत नाहीत. हसणारा देवदूत मात्र खालूनही दिसतो. तेराव्या शतकातल्या दगडी चेहऱ्यावर एवढं मोकळं हसू क्वचितच बघायला मिळतं. कॅथेड्रलचे टोकदार मनोरे मात्र मध्ययुगातले नाहीत, ते १८६९ मध्ये पूर्ण झाले.

निघण्याआधी तासभर वाचन करा, ही माझ्या यादीतली सगळ्यात आग्रहाची गोष्ट. पोर्टा प्रेटोरिया हा रोमन छावणीचा दरवाजा इ. स. १७९ चा, मार्कस ऑरेलियस सम्राटाच्या काळातला. तो बिशपच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत चिणला गेला होता आणि एकोणिसाव्या शतकात पाडकाम करताना पुन्हा सापडला. माहीत नसेल तर माणूस आजूबाजूच्या खिडक्या बघत त्याच्यासमोरून निघून जातो. नॉयफार्रप्लाट्झ या चौकाचंही तसंच. १५१९ मध्ये शहराने ज्यूंना हाकलून दिलं, त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, पाडलं आणि दफनभूमी उद्ध्वस्त केली. तिथले काही कोरीव दगड विजयाची खूण म्हणून घरांच्या भिंतींत बसवले गेले, ते अजूनही गल्ल्यांमधून दिसतात. सिनेगॉग जिथे होतं तिथे आता दानी काराव्हान या इस्रायली शिल्पकाराने पांढऱ्या काँक्रीटमध्ये त्याचा पाया उठवला आहे. लोक त्यावर बसून आइस्क्रीम खातात, मुलं उड्या मारतात. त्याने तशीच मोकळी जागा केली आहे, म्हणून कुणी ओरडत नाही. पण आपण कशावर बसलोय हे ठाऊक असलेलं बरं. कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारं एक मध्ययुगीन शिल्पही आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना काय सांगायचं ते आधीच ठरवा.

केप्लर शिकलेल्यांसाठी एक वाट वाकडी करण्यासारखी आहे. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहानेस केप्लर थकलेला पगार मिळवण्याच्या खटपटीत इथे आला, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबर १६३० ला गेला. तीस वर्षांच्या युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली. ज्या घरात तो वारला ते घर त्याच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. नाझींपासून शेकडो ज्यूंचे प्राण वाचवणारा उद्योजक ऑस्कर शिंडलरही दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं या शहरात राहिला होता. गोलियाथचं भलंमोठं भित्तिचित्र असलेल्या घरावरची त्याच्या नावाची पाटी शोधा.

बुटांच्या बाबतीत तडजोड नको. सगळीकडे गोटे बसवलेली फरसबंदी आहे, चाकाची बॅग तिच्यावर नुसती खडखडते. मोठं सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. तिथून जुन्या शहरात चालत पंधरा मिनिटांत पोचता येतं. साडी नेसायची असेल तर खाली स्पोर्ट्स शूज, कुणी वळूनही बघत नाही. थंडीत नदीकाठी धुकं आणि बोचरा वारा असतो, म्हणून एका जाड कोटापेक्षा एकावर एक कपडे आणि कानटोपी बरी.

दगडी पुलावर संध्याकाळी जा. ११३५ ते ११४६ मध्ये बांधलेला हा पूल ओलांडायला मोटारींना बंदी आहे, सायकलींना नाही, तेव्हा मधोमध उभं राहून फोटो काढू नका. ११४७ मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाला निघालेल्या जर्मन राजा तिसऱ्या कॉनराडने इथूनच कूच केलं. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच पुलाचा काही भाग उडवला होता, तो नंतर बांधला. पुलाच्या टोकाशी सॉल्ट्झश्टाडेल, म्हणजे मिठाचं जुनं कोठार आहे. त्यात वारशाची माहिती देणारं मोफत केंद्र आहे. त्याच्या शेजारच्या छोट्या वुर्स्टकुखलमध्ये कोळशावर भाजलेले सॉसेज मिळतात आणि भिंतीवर डॅन्यूबच्या पुरांच्या खुणा आहेत. मांस खाणाऱ्यांनी तिथे रांग लावावी. शाकाहारी असाल तर बाव्हेरियन बटाट्याच्या सॅलडवर भिस्त ठेवू नका, त्यात बऱ्याचदा मांसाचं सूप घालतात. विचारून घ्या. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेले नूडल्ससारखे तुकडे, किंवा साधं ब्रेझेल बहुधा चालतं, तरी केझेश्पेट्झलेत डुकराच्या मांसाचे तुकडे नाहीत ना, तेवढं विचारा. पिशवीत थोडा चिवडा असला की प्रश्नच मिटला.

कागदपत्रांत पासपोर्ट आणि प्रवास विमा. थोडी नाणी जवळ ठेवा, कारण स्वच्छतागृहांना पैसे पडतात. बायर्न-तिकीट, म्हणजे बाव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं रेल्वे तिकीट, घ्यायचं तर एवढं लक्षात ठेवा: ते प्रादेशिक गाड्यांनाच चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच. तिकिटावर सगळ्या प्रवाशांची नावं लिहावी लागतात. म्युनिकहून थेट गाडीने साधारण दीड तास.

उन्हाळ्यात अर्धा दिवस जास्त असेल तर बोटीने वालहालाला जा. बाव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाने १८४२ मध्ये डॅन्यूबच्या वर उभारलेलं हे ग्रीक पद्धतीचं मंदिर, आत थोरांचे संगमरवरी अर्धपुतळे. बोटीने गेलात तर ३५८ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना मोटारीने मंदिरामागच्या पार्किंगपर्यंत नेता येतं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र उतरल्या उतरल्या धक्क्यावरच वाचून घ्या, वरून ती पाटी दिसत नाही.