शके दिसलं की इसवी सन कसा काढायचा

जुन्या देवळाच्या पायरीवर, वाड्याच्या दारावर, नाहीतर पंचांगात "शके अमुक" लिहिलेलं दिसतं आणि आपण फोटो काढून पुढे जातो, पण खरं तर हे गणित चालता चालता तोंडी होतं. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा, बस. उदाहरण घ्या, शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, त्यात ७८ मिळवले की १६७४. जमलं ना?

आता गोची कुठे होते ते सांगतो. शके बदलतं गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो १ जानेवारीला, म्हणजे मधले दोनतीन महिने सन पुढे गेलेला असतो पण शके तेच जुनं, तेव्हा ७९ मिळवायचे. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, ७८ मिळवलेत तर १६२९ येईल आणि चुकाल, ७९ मिळवा म्हणजे १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. त्यामुळे आकड्याआधी महिना वाचायचा. चैत्र ते मार्गशीर्ष असेल तर बिनधास्त ७८ (फक्त काही वर्षी मार्गशीर्षाचं शेपूट जानेवारीत जातं, तेवढ्यापुरते ७९), माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौष जरा त्रासदायक, तो डिसेंबर-जानेवारीत लोंबकळतो, तिथी बघूनच ठरवावं लागतं.

आणि हो, आकड्याआधी "संवत" लिहिलंय का तेही बघा, तो विक्रम संवत असेल तर मिळवायचं नाही, ५७ वजा करायचे (१ जानेवारीपासून संवत बदलेपर्यंत ५६).